उद्योगाचे संग्रहालय : काय जपले, काय राहून गेले

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती, नाणी, ताम्रपट आणि तलवारी येतात. कारखान्यातले यंत्र संग्रहालयात ठेवण्याजोगे असते, ही कल्पना आपल्याकडे अजून पुरती रुजलेली नाही. यंत्र चालेनासे झाले की त्याचे लोखंड किलोच्या भावाने विकायचे, इमारत पाडायची आणि जागा मोकळी करायची, हाच आपला रिवाज. इंग्लंडमध्ये आयर्नब्रिज येथे १७७९ साली उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल आणि भोवतालच्या भट्ट्या, कारखाने जपण्यासाठी १९६७ मध्ये एक न्यास स्थापन झाला. १९८६ मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जर्मनीतील एसेन येथील त्सोलफराईन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद पडली आणि २००१ मध्ये तीही जागतिक वारसा ठरली. २००३ साली रशियातील निझनी तागिल येथे औद्योगिक वारशासंबंधी एक सनद मान्य करण्यात आली. यंत्रे आणि इमारती यांच्याबरोबरच कामाच्या पद्धती, कामगारांचे कौशल्य आणि त्यांच्या आठवणी हाही वारसाच आहे, असा तिचा आशय आहे.

ही कसोटी हाती घेऊन आपल्या जवळचे एक संग्रहालय तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. गोंदिया जिल्ह्यातील शाळेला उद्योगाचा वारसा दाखवायचा असेल, तर सहज जाता येईल असे ठिकाण म्हणजे नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. ते १४ डिसेंबर २००२ रोजी लोकांसाठी खुले झाले. मोतीबागेत नॅरोगेजची इंजिने आणि डबे दुरुस्त करणारा रेल्वेचा मोठा कारखाना होता. त्याच परिसरात, म्हणजे जिथे ही इंजिने उघडली आणि पुन्हा जोडली जात, तिथेच हे संग्रहालय उभे राहिले. जागेची ही निवड अतिशय योग्य आहे. वस्तू जिथे वापरली गेली तिथेच ती पाहण्यात जो अर्थ असतो, तो दूरच्या शहरातल्या काचेच्या कपाटात राहत नाही.

गोंदियाचे आणि नॅरोगेजचे नाते

या संग्रहालयाशी गोंदियाचा संबंध दूरचा नाही. १८६७ मध्ये मुंबईकडून लोहमार्ग नागपूरला पोचला. त्यापुढे छत्तीसगडातील धान्य बाहेर आणण्यासाठी नागपूर ते राजनांदगाव असा मीटरगेज मार्ग १८८० ते १८८२ या काळात बांधण्यात आला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्याच्या दिशेने वाढवला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच कंपनीने गोंदियाहून उत्तरेला बालाघाट, नैनपूर, जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीडकडे नॅरोगेजचे फाटे काढले. दक्षिणेचा फाटा पुढे चांदा फोर्टपर्यंत गेला. गोंदिया हे जंक्शन झाले ते या फाट्यांमुळे.

हे सगळे मार्ग आता ब्रॉडगेजमध्ये मिसळून गेले आहेत किंवा मिसळण्याच्या वाटेवर आहेत. १९९२ मध्ये रेल्वेने सर्वत्र एकच गेज आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला. चांदा फोर्टचा मार्ग त्याच दशकात रुंद झाला. जबलपूर ते नैनपूर हा नॅरोगेज मार्ग २०१५ मध्ये, तर नागपूर ते नागभीड हा २०१९ मध्ये बंद झाला. गोंदिया ते जबलपूर आज संपूर्ण ब्रॉडगेज आहे. आज आठवीत शिकणाऱ्या गोंदियाच्या मुलाने छोट्या रुळांवरची गाडी कधी पाहिलेली नाही. त्याच्या आजोबांच्या बोलण्यात ती येते, आणि खरीखुरी पाहायची तर मोतीबागेत जावे लागते. संग्रहालयाचे पहिले श्रेय हे आहे. ते नसते तर ही इंजिने आज लोखंडाच्या भावाने गेली असती.

श्रेयाचा दुसरा भाग असा की, येथे वस्तू खऱ्या आहेत आणि उघड्यावर आहेत. सातपुड्याच्या मार्गांवर धावलेली, ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली सीसी वर्गाची इंजिने हा नॅरोगेजच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा. त्या वर्गाचे इंजिन समोर उभे असते, त्याच्या चाकाशेजारी उभे राहून विद्यार्थ्याला आपली उंची ताडून पाहता येते. पुस्तकातल्या चित्रातून हे होत नाही. लहान मुलांसाठी छोटी गाडीही आहे. मुले आनंदाने येतात, ही कोणत्याही संग्रहालयाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट.

मूक यंत्र

मात्र शिक्षकाच्या दृष्टीने खरी अडचण येथूनच सुरू होते. इंजिन थंड आहे. ते रंगवलेले, स्वच्छ आणि स्थिर आहे. रेल्वेच्या संग्रहालयांतील फलक सामान्यतः बांधणीचे वर्ष, कारखान्याचे नाव, वजन आणि सेवेचा काळ सांगतात. ही माहिती जन्मदाखल्यासारखी असते. दाखला वाचून माणूस कळत नाही, तसे या माहितीवरून यंत्र कळत नाही. वाफेच्या इंजिनात काय घडत असे? कोळसा जळे, तापलेले वायू बाष्पकातल्या नळ्यांमधून जात, नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होई, ती दाबाखाली सिलिंडरमध्ये शिरे, दट्ट्या मागेपुढे सरके आणि दांड्यांच्या जोडणीने चाक फिरे. वापरलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर टाकली जाई. त्यामुळे भट्टीत हवा ओढली जाई आणि आग आणखी भडके. चढावर इंजिनाला जास्त वाफ लागली की आपोआप जास्त हवा मिळे. ही युक्ती इतकी सुंदर आहे की आठवीच्या वर्गात ती सांगितली तर मुले थक्क होतात. पण धुराड्याकडे नुसते पाहून ती कळण्याचा मार्ग नाही. एवढे करूनही कोळशातल्या उष्णतेचा दहावा हिस्सासुद्धा कामी येत नसे. वाफेची इंजिने मागे पडण्याची ती एक प्रमुख कारणे होती. स्थिर इंजिनाकडे पाहून मूल फक्त 'केवढे मोठे!' एवढेच म्हणते.

यावर असे उत्तर दिले जाईल की, जुने बाष्पक पेटवणे धोक्याचे आणि खर्चाचे असते. ते खरेच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्र्यावर आज दाब देणे योग्य नव्हे. परंतु पेटवणे हा एकमेव उपाय नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक पूर्ण आकाराचे वाफेचे इंजिन एका बाजूने कापून ठेवले आहे. बाष्पक, नळ्या, सिलिंडर यांचा छेद त्यात दिसतो, आणि विजेच्या मोटरने त्याची चाके सावकाश फिरवता येतात. आग नाही, वाफ नाही, तरीही दट्ट्या आणि चाक यांचे नाते डोळ्यांना दिसते. असे इंजिन कापणे हा खर्चाचा भाग सोडला, तरी लाकडाचे किंवा पत्र्याचे, हाताने फिरवता येईल असे छेद-प्रतिरूप कोणत्याही संग्रहालयाला परवडेल.

नागपुरातच याच्या उलट उदाहरण आहे. रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. तिथे मूल हँडल फिरवते, कळ दाबते, आणि काय घडते ते पाहते. मात्र त्या केंद्रातले उपकरण प्रयोगासाठीच बनवलेले असते. त्याला स्वतःचा इतिहास नसतो, त्यावर कोणाचे पोट चाललेले नसते. एकाच शहरात एका ठिकाणी यंत्राला इतिहास आहे पण ते हलत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी यंत्र हलते पण त्याला इतिहास नाही. या दोन संस्था एकमेकींकडून पुष्कळ शिकू शकतील. तोवर शिक्षकाने दोन्ही ठिकाणच्या सहली एकाच दिवशी, एकापाठोपाठ काढाव्यात, हे उत्तम.

गेज म्हणजे काय, हे समजावे कसे?

संग्रहालयाच्या नावातच 'नॅरोगेज' आहे. तेव्हा हे अरुंद रूळ का घातले, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी यायला हवा. भारतीय ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर असते, सातपुड्यातल्या नॅरोगेजच्या रुळांत ७६२ मिलिमीटर. अंतर निम्म्याहूनही कमी. असे करण्याने काय साधले? खर्च वाचला, असे एका शब्दात सांगितले जाते. पण तो कसा वाचला?

शाळेच्या मैदानावर हे सहज दाखवता येते. चुन्याने काटकोनात वळणाऱ्या दोन समांतर रेषा काढा, एक जोडी १६७६ मिलिमीटर अंतराची आणि दुसरी ७६२ ची. आता दोरीने वळणापुरती बाहेरची आणि आतली रेषा मोजा. ब्रॉडगेजमध्ये बाहेरची रेषा आतल्या रेषेपेक्षा सुमारे २ मीटर ६३ सेंटिमीटरने जास्त भरेल, नॅरोगेजमध्ये फक्त सुमारे १ मीटर २० सेंटिमीटरने. गंमत अशी की, वळण मोठ्या त्रिज्येचे असो की छोट्या, काटकोनी वळणात हा फरक तेवढाच राहतो. कारण वर्तुळाच्या कंसाची लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले कोन, आणि दोन कंसांच्या त्रिज्यांतला फरक म्हणजेच गेज. दहावीच्या भूमितीत हे बसते.

रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात. दोन्ही सारखेच फेरे घेतात, पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. चाकाचा परीघ किंचित शंकूसारखा असल्याने थोडा फरक भागतो, उरलेला घसरून भागवावा लागतो. लहान त्रिज्येच्या वळणात हाच फरक थोड्या लांबीत भागवायचा असतो, म्हणून चाकांना ते जड जाते. गेज निम्म्याहून कमी केले की फरकही निम्म्याहून कमी होतो, आणि वळणाची त्रिज्या तेवढीच लहान ठेवता येते. त्रिज्या लहान ठेवता आली की डोंगर फोडण्याऐवजी वळसा घालून जाता येते. सातपुड्याच्या रांगांतून रूळ गेले ते या हिशेबाने. हलके रूळ, अरुंद कापणी, लहान पूल हे त्यापाठोपाठ आले. किंमत अर्थात मोजावी लागली. अरुंद पायावर उंच डबा असल्याने वेग कमी ठेवावा लागे आणि एका गाडीत माल थोडाच जाई.

एवढी गोष्ट दोन दोऱ्या आणि एका फलकाने सांगता येते. संग्रहालयाच्या आवारात जमिनीवरच अशी दोन वळणे आखली, तर प्रत्येक सहलीतील मुले ती पावलांनी मोजतील. 'नॅरोगेज' हा शब्द तेव्हा पाठ करण्याचा न राहता समजण्याचा होईल.

माल कुठे आहे, माणूस कुठे आहे?

दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप असा आहे. रेल्वेने उभारलेले संग्रहालय रेल्वेच्याच वस्तू दाखवणार, हे स्वाभाविक आहे. इंजिन, डबा, कंदील, सिग्नल, तिकीट यांना तिथे जागा मिळते. पण रेल्वे स्वतःसाठी धावत नव्हती. ती धान, तेंदूपत्ता, लाकूड, लाख, मँगनीज असा माल आणि माणसे वाहत होती. मालाची गोष्ट काढून घेतली तर रेल्वे हे एक मोठे खेळणे होऊन बसते.

गोंदिया स्टेशनाचेच उदाहरण घ्या. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजवर चालत नाही. तेव्हा फाट्यावरून आलेला माल गोंदियाला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. समजा एका डब्यात वीस टन धान आहे. म्हणजे क्विंटलची दोनशे पोती. प्रत्येक पोते एकदा उतरवायचे आणि एकदा चढवायचे, म्हणजे चारशे वेळा एक क्विंटल वजन माणसाच्या पाठीवर. असे डबे रोज किती, याचा हिशेब मुलांनीच करून पाहावा. बांधकामात जे पैसे वाचले ते पुढे वर्षानुवर्षे हमालांच्या पाठीने फेडले. गेजबदलाच्या ठिकाणी गाव वाढते, गोदामे उभी राहतात, गिरण्या येतात, हेही त्याचेच दुसरे अंग. गोंदियाच्या वाढीत या थांब्याचा वाटा मोठा आहे. पण हमालाचा आकडा कोणत्याही इंजिनाच्या फलकावर मावत नाही.

जर्मनीच्या त्सोलफराईन खाणीत पाहुण्यांना हिंडवून आणणाऱ्यांत जुने खाणकामगार आहेत. यंत्र कोणत्या वेळी कसा आवाज करी, धूळ कशी भरे, हे त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते. आपल्याकडेही या दिशेने काम झाले आहे, फक्त ते संग्रहालयात नाही, पुस्तकात आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या आठवणी गोळा करून त्यांचा ग्रंथ केला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. यंत्रे भंगारात गेली, पण माणसांचे बोलणे त्या पुस्तकामुळे उरले. नॅरोगेजवर काम केलेले ड्रायव्हर, फायरमन, गँगमन, मोतीबागेतले फिटर यांच्यातले अनेकजण आज वृद्ध आहेत. त्यांचे बोलणे आता नोंदले नाही, तर पुढे नोंदता येणार नाही. इंजिन आणखी शंभर वर्षे उभे राहील. माणसाजवळ एवढा अवधी नसतो.

२००२ हे वर्ष

याच नागपुरातील दुसरी घटना आठवणे येथे उचित होईल. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. सूत कातण्याच्या रिंग स्पिंडल या नव्या पद्धतीचे प्रयोग भारतात ज्या गिरण्यांत प्रथम झाले, त्यांत ही अग्रभागी होती. टाटांच्या पुढच्या सर्व उद्योगांची सुरुवात एका अर्थाने येथे झाली. ही गिरणी २००२ मध्ये बंद झाली, म्हणजे ज्या वर्षी मोतीबागेतले संग्रहालय उघडले त्याच वर्षी. आज त्या जागेवर निवासी इमारती आणि एम्प्रेस नावाचा मॉल आहे. नाव तेवढे उरले.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की प्रश्न पडतो, इंजिन का वाचले आणि स्पिंडल का नाही? इंजिन देखणे असते, त्याच्यासोबत फोटो काढता येतो, ते सरकारी मालकीच्या जागेत उभे राहू शकते. कापड गिरणीतले यंत्र लांबलचक, एकसारखे आणि कळायला अवघड असते, शिवाय ती जमीन शहराच्या मध्यात असते आणि तिची किंमत मोठी असते. म्हणजे वारसा कोणता, हे पुष्कळदा त्या वस्तूचे महत्त्व ठरवत नाही, जमिनीचा भाव ठरवतो. विद्यार्थ्यांनी संग्रहालयात जाताना हेही लक्षात ठेवावे. जे दिसते त्याबरोबरच जे दिसत नाही त्याचाही विचार करण्याची सवय म्हणजे इतिहासाची आणि विज्ञानाचीही सवय.

गोंदियात काय जपावे?

आता घराजवळ येऊ. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याची ओळख धान आणि राईस मिल यांवरून आहे. येथील जुन्या गिरण्यांतली यंत्रे वर्षागणिक बदलत आहेत. जुना लोखंडी हलर, लाकडी चाळण्या, एकाच लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी चालणारी यंत्रांची रांग यांच्या जागी बंद पेट्यांसारखी नवी यंत्रे येत आहेत. ती चांगलीच आहेत. तांदूळ कमी फुटतो, धूळ कमी उडते. पण नव्या यंत्रात आत काय चालते ते दिसत नाही, जुन्यात सगळे उघडे होते. शिकवण्याच्या दृष्टीने जुनी गिरणी हे अप्रतिम पुस्तक आहे.

पहिले पान पट्टा आणि पुलीचे. मोटरची पुली पंधरा सेंटिमीटर व्यासाची आणि शाफ्टची साठ सेंटिमीटरची असेल, तर मोटरच्या १४४० फेऱ्यांना शाफ्टचे ३६० फेरे होतात. त्याच शाफ्टवरच्या वेगवेगळ्या पुल्यांवरून चाळणीला एक वेग मिळतो आणि पॉलिशरला दुसरा. गुणोत्तर आणि प्रमाण यांचा याहून चांगला धडा कोणता?

दुसरे पान टरफल सोलण्याचे. हलरमध्ये दाणे लोखंडी फिरत्या दंडगोलावर घासून सोलले जातात, तूस आणि कोंडा एकत्र निघतात आणि कनकी फार होते. रबरी रोलच्या यंत्रात दोन रोल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने, पण वेगवेगळ्या वेगाने फिरतात. दोन्ही रोलांचा वेग सारखा असता तर दाणा नुसता दाबला जाऊन पलीकडे गेला असता. वेगात फरक असल्याने दाण्याच्या एका अंगाला पुढे ओढ बसते, दुसऱ्याला मागे, आणि तूस सुटते. दोन तळहातांत शेंगदाणा चोळून हे मुलांना लगेच दाखवता येईल.

तिसरे पान उसना तांदळाचे. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले की दाण्यातला स्टार्च आतल्या आत चिकटतो आणि दाणा भरडताना फुटत नाही. शिवाय कोंड्यातले ब गटातले जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते. पांढऱ्या शुभ्र तांदळावर राहणाऱ्यांना बेरीबेरी होते, याचा माग जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान यांनी कोंबड्यांवरून काढला आणि १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. गोंदियातल्या गिरणीच्या वाफेच्या टाकीपासून नोबेलपर्यंत हा रस्ता सरळ जातो. तो शिक्षकाने दाखवला नाही तर मुलाला कळणार नाही.

चौथे पान तुसाचे. शंभर किलो धानातून सुमारे वीस किलो तूस निघते. ते गिरणीच्याच बाष्पकात जळते आणि वाफ देते, म्हणजे धान स्वतःच्या तुसावर शिजते. राखेत बहुतांश सिलिका उरते. शेतातल्या मातीतली सिलिका रोपाने शोषली, तुसात साठवली आणि ती राखेतून पुन्हा हाती आली, असा हा फेरा आहे.

पाचवे पान कठीण आहे, पण ते वगळू नये. गिरणीत धूळ असते. त्या धुळीत जन्मभर काम केलेल्या माणसाच्या फुप्फुसांचा विचार वारशाच्या गौरवात हरवू देता कामा नये. विडीच्या धंद्याचेही असेच. गोंदियाच्या नावाशी जोडलेल्या या धंद्यात यंत्र जवळजवळ नाहीच. तेंदूची पाने, कात्री, पान कापायचा पत्र्याचा साचा, सूप आणि तंबाखू एवढ्यावर हजारांच्या मोजणीने मजुरी मिळवणाऱ्या बायांनी तो उभा केला. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या कामाची स्थिती कळते. मोठे यंत्र नाही म्हणून हा वारसा नाही, असे आपण म्हणणार का? म्हटले, तर आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आज्या इतिहासाबाहेर राहतील.

शिक्षकांनी काय करावे?

मोठे संग्रहालय उभे राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या जुन्या गिरणीच्या मालकाची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांनी यंत्रांच्या रांगेचा नकाशा काढावा. धान कुठे शिरते, तांदूळ कुठे निघतो, वाटेत कोणत्या यंत्रात काय वेगळे होते, हे बाणांनी दाखवावे. पुल्यांचे व्यास मोजून प्रत्येक यंत्राचा वेग काढावा. मालकाकडे आणि कामगारांकडे दोघांकडेही विचारणा करावी, कारण दोघांची उत्तरे वेगवेगळी असतात. यंत्राला ते कोणत्या नावाने हाक मारतात, ते शब्द लिहून घ्यावेत. यंत्राचा आवाज फोनवर नोंदवावा. चालू यंत्राच्या पट्ट्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये, हे मात्र आधी सांगावे आणि पाळावे.

मोतीबागेला जाताना आधी वर्गात दोरीचा प्रयोग करून जावे. मुलांना वह्या देऊन तीन प्रश्न द्यावेत : हे यंत्र काय काम करी, ते काम कोण करी, आणि येथे कोणाचे नाव लिहिलेले नाही? परत आल्यावर संग्रहालयाच्या व्यवस्थापनाला वर्गातर्फे एक पत्र लिहावे. जे आवडले ते आधी लिहावे, जे हवे ते नंतर. संग्रहालये प्रेक्षकांच्या मागणीने सुधारतात, आणि शाळा हा त्यांचा सर्वांत मोठा प्रेक्षक आहे.

एकंदरीत पाहता मोतीबागेतले संग्रहालय हे एक चांगले काम आहे आणि ते अर्धे झालेले काम आहे. लोखंड वाचवण्याचा अवघड भाग पार पडला आहे. यंत्राचे कार्य समजावणे, मालाचा प्रवास दाखवणे आणि माणसाचे बोलणे नोंदवणे हा उरलेला भाग तुलनेने कमी खर्चाचा आहे. तो आता केला नाही तर ग्लासगोत इंजिन बांधणारा कारखाना मुलांना माहीत असेल, आणि तेच इंजिन गोंदियाच्या धुक्यात पहाटे पेटवणारा फायरमन मात्र माहीत नसेल. विज्ञान दूर कुठेतरी घडते आणि आपल्याकडे फक्त वापरले जाते, ही चुकीची समजूत अशाच अर्ध्या धड्यांतून तयार होते. ती दूर करण्याचे साधन आपल्या गावच्या गिरणीत अजून शिल्लक आहे, भंगारवाला येईपर्यंत.